चारशे सात बायका

मखमलाबादच्या पुढे आमचं गाव, आणि मी तिथली अंगणवाडीची बाई. नवसाबाईचं घर माझ्या घराला लागून. मधली भिंत एकाच विटेची, त्यामुळे तिच्या घरातलं सगळं मला ऐकू यायचं. ती एक्क्याण्णव साली लग्न होऊन आली तेव्हापासून.

नवरा रंगनाथ, पुढे झालेली दोन पोरं, घरचा झेंडू-शेवंतीचा मळा. संध्याकाळी गावातल्या देशीच्या दुकानातून तो परतला की आठवड्यातून दोन-तीनदा मारायचा. सकाळी त्याला काहीच आठवायचं नाही, निदान तो तसं म्हणायचा. सासू कुसाबाई सुनेच्या पाठीला हळद लावायच्या आणि दर वेळी एकच सांगायच्या, "माझं पोरगं नाय मारत गं. ती दारू मारते." नवसाबाईचाही त्यावर विश्वास होता. मला ती म्हणायची, दारू सुटली की हा माणूस देव आहे. चौदा वर्षं तिनं त्या देवाची वाट पाहिली.

२००५ साली आम्हाला कळलं की गावातल्या बायकांनी मतदान करून दुकान बंद पाडता येतं. चिठ्ठीवर दोन बाटल्या असतात, एक उभी, एक आडवी. आडवीवर शिक्का मारायचा. पण निम्म्याहून जास्त मतं लागतात ती गावातल्या एकूण बायकांच्या, नुसत्या मत द्यायला आलेल्यांच्या नव्हे. यादीत आठशे बारा बायका. म्हणजे चारशे सात हव्यात. घरी बसलेली प्रत्येक बाई म्हणजे उभ्या बाटलीला मत!

नवसाबाई उंबरा न् उंबरा फिरली. एरवी मान वर करून न बोलणारी ही बाई लोकांच्या ओट्यावर बसून हुज्जत घालायला लागली. तारीख मात्र नेमकी अडचणीची आली. दसऱ्याचा आदला दिवस. झेंडूचा वर्षातला सगळ्यात मोठा बाजार. निम्म्या बायका पहाटेच फुलं घेऊन नाशकात बसायला जाणार.

झालंही तसंच. सकाळी शाळेपुढे मोठी रांग होती, दुपारी दोनला ती ओसरली. मी यादीवर खुणा करत होते. तीनशे एकाहत्तर बायका मत देऊन गेल्या होत्या. त्यांतल्या किती जणींनी आडवीवर शिक्का मारला हे देवालाच ठाऊक. पाचला दार बंद होणार होतं.

नवसाबाईनं गावातल्या केरूचा टेम्पो थांबवला. कुसाबाईंचं मत सकाळीच झालं होतं, तरी त्या आधी चढून बसल्या. मीही यादी दुसरीच्या हातात देऊन चढले. पंचवटी कारंज्यापाशी पोचलो तर रस्ता दोन्ही बाजूंनी पिवळा-केशरी, मधे माणसांची रेटारेटी. आमच्या बायका हलायला तयार नव्हत्या. सहादूची बायको म्हणाली, आज ढीग सोडून गेले तर उद्या ही फुलं जनावरंसुद्धा खाणार नाहीत. तिचं चुकत नव्हतं.

तेव्हा कुसाबाईंनी पदर खोचला. "जा तुमी. समद्यांच्या ढिगावर मी बसते."

पासष्ट वर्षांची बाई फूटपाथवर या ढिगाकडून त्या ढिगाकडे धावत होती, एकाच वेळी सहा गिऱ्हाइकांशी बोलत होती. केरूच्या टेम्पोनं दोन फेऱ्या मारल्या. दुसऱ्या फेरीला टेम्पो शाळेत शिरला तेव्हा पाच वाजायला सात मिनिटं होती. चालत्या टेम्पोतून उड्या टाकून बायका पळाल्या. एकीची चप्पल रस्त्यातच राहिली. दारातला शिपाई हसत बाजूला झाला.

मोजणी तिथंच झाली. तहसीलच्या साहेबांनी आकडा वाचला. आडवी बाटली, चारशे एकोणीस!

पुढचं मला धड आठवत नाही. गुलाल कुणी आणला, फुगडीत मला कुणी ओढलं, काही माहीत नाही. नवसाबाई शाळेच्या पायरीवर बसून रडत होती आणि रडता रडता हसत होती.

आठ दिवसांत दुकानाला सील लागलं. दारू तुटल्यानं रंगनाथचे हातपाय थरथरायला लागले तेव्हा नवसाबाईच त्याला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. गोळ्या सुरू झाल्या आणि दारू खरंच सुटली. दिवाळी शांततेत गेली. भिंतीपलीकडून मला पहिल्यांदा नुसती भांडी वाजलेली ऐकू आली.

दिवाळीनंतर शेजारच्या गावातल्या बायकांचा निरोप आला. आम्हालाही मतदान घ्यायचं आहे, नवसाबाईंनी येऊन सांगावं. ती नवं लुगडं नेसली. मी तिला न्यायला गेले तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. रंगनाथ दारात उभा राहून म्हणत होता की बायकोनं गावोगाव भाषणं करायची नाहीत. ती म्हणाली, तासाभरात येते. त्यानं तिच्या तोंडावर मारलं. एकदा नाही, तीनदा. माझ्यादेखत.

कुसाबाई आतून आल्या. त्या सरळ मुलाजवळ गेल्या, त्याचं तोंड खाली ओढलं आणि वास घेतला. मग पुन्हा घेतला.

"वास नाय," त्या म्हणाल्या. "मंग आज कोनी मारलं, रंगा?"

नवसाबाई त्याच्याकडे पाहत होती. नंतर तिनं मला सांगितलं, गाल दुखत होता, पण त्याहून जास्त तिला चौदा वर्षं आठवत होती. दारू प्यायलेला असताना त्यानं कधी सावकाराच्या पोरावर हात उगारला नव्हता, कधी केरूवर नाही. शुद्ध नसलेल्या माणसाला बरोबर बायकोच सापडायची.

ती तशीच माझ्याबरोबर आली. सुजलेला गाल तिनं पदरानं झाकला नाही. शंभरेक बायकांपुढे मतदानाचं सगळं नीट सांगितलं, आणि शेवटी म्हणाली, "बाटली आडवी करा. दारू गेली की मार कमी व्हतो, खोटं नाय. पन हात त्याचा हाय. त्याचा जाब त्यालाच विचारा."

परतलो तर रंगनाथचे कपडे पिशवीत भरून ओट्यावर ठेवलेले होते. मळा आणि घर सासऱ्यानंतर कुसाबाईंच्या नावावर होतं, आणि त्यांनी पोराला घराबाहेर काढलं होतं. तो चांदवडला बहिणीकडे गेला. महिन्याभरानं परत आला, पुन्हा आला, शपथा घेतल्या. नवसाबाईनं त्याला ओट्यावर चहा दिला, घरात घेतलं नाही. पुढच्या वर्षी तो सातपूरला एका कारखान्यात वॉचमन म्हणून लागला. पोरांना भेटायला रविवारी येतो. कधी प्यायलेला असतो, कधी नसतो.

नवसाबाईनं त्यानंतर सहा गावांत मतदानाची तयारी करून दिली. चार गावांत बाटली आडवी झाली. प्रत्येक मोजणीला कुसाबाई टेम्पोत पुढच्या सीटवर बसून जायच्या, आणि आकडा कळला की गुलाल आधी सुनेच्या कपाळाला लावायच्या.