बोलल्या शब्दाचं मिनिट

‘मी असं म्हणालोच नव्हतो’ हे वाक्य वाळवा तालुक्यातून हद्दपार करण्याचं श्रेय एकट्या माझ्या मधल्या मामांना जातं. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त होऊन मामा इस्लामपूरजवळच्या गावी ऊस लावत होते, तोवर त्यांच्यापासून कुणाला धोका नव्हता. धोका मी निर्माण केला. एकदा सांगलीहून गेलो असताना त्यांना दाखवलं, की मोबाइलवरच्या व्हिडिओत माणसं जे बोलतात ते सगळं खाली लिहून येतं. त्यात हवा तो शब्द शोधायचा, त्यावर बोट ठेवायचं, की व्हिडिओ नेमका तिथंच जातो. मामांनी चष्मा पुसून परत डोळ्यांवर चढवला. “म्हंजे बोललेलं आता कुठं जात न्हाई?” “नाही.” “लय बेस,” ते म्हणाले. त्या आवाजावरूनच मी सावध व्हायला हवं होतं.

पहिला दणका पाणीपुरवठा सोसायटीच्या चेअरमनना बसला. ‘वरच्या आळीला पाइपलाइन देतो असं मी बोललोच नाही,’ असं ते भर सभेत म्हणाले. मामा उठले, मागच्या सभेच्या व्हिडिओत ‘पाइप’ एवढाच शब्द टाकला आणि फोन माइकला लावला. मागच्या सभेतले चेअरमन या सभेतल्या चेअरमनना खणखणीत आवाजात पाइपलाइन देऊ लागले. सभा गारठली. पाइपलाइन झाली, सभेचं शूटिंग मात्र तेव्हापासून बंद झालं.

त्याहून भयंकर प्रकार मामेबहिणीच्या पहिल्या दिवाळसणाला घडला. लग्नाच्या मांडवात व्याह्यांनी ‘सूनबाईंना पुढं शिकवणार’ असं सगळ्या गावासमोर सांगितलं होतं. आता पुरणपोळी खाता खाता ते म्हणाले, “पोरीच्या जातीला एवढं शिकून करायचं काय?” मामांनी लग्नाच्या व्हिडिओत ‘शिकवणार’ शोधलं आणि फोन व्याह्यांच्या ताटाला टेकवून उभा केला. घास व्याह्यांच्या हातातच राहिला. मामीनं तोंडाला पदर लावला. मी पोळीकडे बघत बसलो. सोयरीक तुटली, असंच मला वाटलं. तो ताटात ठेवून व्याही म्हणाले, “बोललोय खरा. जाऊ द्या कॉलेजात.” बहीण आता कराडला शिकते, आणि व्याही लग्नकार्यात माइक हातात घेत नाहीत.

पण हे शस्त्र मामांवरही उलटत असे. उसाच्या मुळ्या खाणाऱ्या हुमणीवर एका शेतकऱ्याचं भाषण होतं. गडी आपल्याकडचा, हुमणीला ‘उमनी’ म्हणणारा. लिहिणाऱ्या यंत्रानं प्रत्येक वेळी ‘उमा’ लिहिलं. मामांना ते उमगलं, आणि दिवसभर ते फोनवर ‘उमा’ शोधत बसले. मामीनं ते पाहिलं. “ही उमा कोण?” “किडा हाय गं.” “माझ्यासमोर किडा म्हणताय व्हय तिला!” शेवटी मामांनी शेतातून खरी हुमणी उकरून आणली आणि मामीच्या तळहातावर ठेवली, तेव्हा घरात शांतता झाली.

यंदाच्या उन्हाळ्यात मी गेलो होतो, तेव्हा मामा सातारा जिल्ह्यातल्या मेढ्याला झालेल्या माजी सैनिकांच्या मेळाव्याचा व्हिडिओ उघडून बसले होते. आपल्या पलटणीबद्दल कुणी काय बोललं ते बघावं, म्हणून त्यांनी आपलं आडनाव टाकलं. व्हिडिओ उडी मारून पुढं गेला, आणि मामा, मामी आणि मी जागच्या जागी थिजलो. व्यासपीठावर मामांचा फोटो होता. त्याला हार होता. समोर सगळे माना खाली घालून उभे होते.

“आवं, बंद करा ते अभद्र!” मामी किंचाळली. मामा हललेसुद्धा नाहीत. मेढ्याचे त्यांचे एक जुने सोबती माइकवर बोलत होते : “बर्फात माझं पाय गेल्यातच जमा हुतं. तवा ह्या गड्यानं सोत्ताच्या पायातलं कोरडं मोजं काढून मला घातलं. आज मी चालतोय ते त्याच्यामुळं. आणि त्याला भेटायचं मात्र ऱ्हाऊन गेलं.”

“मोजं?” मामा पुटपुटले. “मी इसरलोच हुतो की.” मग एकदम उठले. “चल, मेढ्याला जायचं.”

मेढ्याला ते गृहस्थ अंगणात नाचणी पाखडत बसले होते. दारात उभ्या मामांना बघून सूप हातातून निसटलं, नाचणी अंगणभर झाली. “कोण?” त्यांनी विचारलं. “ज्याला हार घातलास त्यो,” मामा म्हणाले. सोबती जवळ आले, मामांचे गाल, खांदे चाचपले आणि कडाडले, “गुडघं दुखत असताना दोन मिन्टं उभा ऱ्हायलो रं तुझ्यासाठी!” आणि मामांच्या गळ्यात पडून लहान पोरासारखे रडू लागले. वारले होते ते माझे थोरले मामा, तेही फौजेतलेच. बातमी मेढ्यापर्यंत जाता जाता मधल्या मामांवर आली होती.

दुपारभर दोघं बोलत होते. मी फोनवर शूटिंग करायला गेलो, तर मामांनी हातानंच नको म्हटलं. संध्याकाळी सोबती आम्हाला एसटीत बसवायला आले. खिडकीतून मामांचा हात धरून म्हणाले, “आता खरंच जाशील तवा घरच्यास्नी कळवायला सांग गड्या.”

“आन् तू आदी गेलास तर?”

दोघंही मोठ्यानं हसले. मग हसू थांबलं, पण हात सुटेनात. कंडक्टरनं दोनदा घंटी मारली. गाडी हलली, तसे ते खिडकीबरोबर चार पावलं लंगडत चालले आणि मग थांबले. मामा मान वळवून मागं बघत राहिले.