भारासकट बारा

गल्लीत तिला सगळे बाराताई म्हणत. कॉम्प्युटर दुरुस्तीच्या त्या दुकानात पिवळ्या तारेवर बारा व्होल्ट दिसल्याशिवाय तिचा जीव भांड्यात पडत नसे. ती "बारा आहेत" म्हणाली की नवं गिऱ्हाईक दचकायचं, "म्हणजे याचे बारा वाजले?"

"बारा आहेत म्हणूनच तर वाचलाय!" ती खेकसायची.

त्या दिवशी तिचे काका आपला कॉम्प्युटर घेऊन आले. "मी स्वतः मोजलं, चांगले बारा आहेत. तरी काम सुरू केलं की मेला बंद पडतो."

"काम नसताना मोजलंत ना? रिकामे असताना सगळेच बारा दाखवतात, काका." तिने कॉम्प्युटरला जड काम लावलं. मीटरवरचा आकडा साडेदहावर घसरला. "हा धोका. पॉवर सप्लाय बदलायचा."

"मलाही तुम्ही रिकामाच मोजताय," कोपऱ्यात बसलेले तिचे वडील पुटपुटले. दुकान मूळचं त्यांचं. पण आजारपणानंतर घरात कुणी त्यांना कशालाच हात लावू देत नव्हतं.

ती चपापली. मग तिने स्क्रूड्रायव्हर त्यांच्यापुढे धरला.

"अगं, दादाला कशाला त्रास?" काका म्हणाले. तिने डोळे वटारले.

पहिला स्क्रू दोनदा निसटला. तिने ओठ चावला, पण हात पुढे केला नाही. हळूहळू वडिलांचा हात बसला. नवा पॉवर सप्लाय लागला, कॉम्प्युटर पुन्हा जड कामाला जुंपला गेला. वडिलांनी मीटरच्या पिना तारांना टेकवल्या.

"किती आहेत गं?" काकांनी विचारलं.

"बारा," ती म्हणाली. ती मीटरकडे बघतच नव्हती, वडिलांकडे बघत होती.