नव्वदचा आकडा

लॅबमध्ये तिला सगळे शंकासुर म्हणत, आणि ते काही खोटं नव्हतं. बावीस वर्षं रक्ताच्या नळ्या हाताळल्या, पण यंत्राच्या आकड्यावर तिने कधी डोळे झाकून विश्वास ठेवला नाही. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. तिथे गाठ झालेल्या पेशंटचं रक्त आलं की ती प्रोलॅक्टिन दोनदा मोजायची, एकदा आहे तसं आणि एकदा शंभरपट पातळ करून. हे हार्मोन बेसुमार वाढलं की यंत्रच गडबडतं. दारात चेंगराचेंगरी झाली की मोजणाऱ्याला माणसं कमी दिसतात, तसंच. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, तिचा तिनेच घालून घेतला होता.

तिचा धाकटा भाऊ घड्याळं दुरुस्त करायचा. कडेचं दिसेनासं झालं, हात लागून स्क्रू सांडायला लागले, तेव्हा कुठे स्वारी डॉक्टरीणबाईंकडे गेली. स्कॅनमध्ये लिंबाएवढी गाठ निघाली, नजरेच्या नसांवर दाबून बसलेली. बाईंनी आडपडदा ठेवला नाही. "प्रोलॅक्टिन हजारांत आलं तर गोळ्यांनी गाठ आकसेल. नाहीतर ऑपरेशन, आणि त्यात डोळ्यांना धोका आहे."

रक्त बहिणीनेच काढलं. "ताई, भाऊ म्हणून आकडा फुगवू नकोस हं," तो हसत म्हणाला.

आकडा आला नव्वद.

पातळ करायला तिने नळी उचललीसुद्धा, आणि तिथेच गाडं अडलं. तिला हजार हवे होते, जिवाच्या आकांताने हवे होते. हवा तो आकडा मिळेपर्यंत मोजत बसायचं, ही बेइमानीच की! परक्याचं रक्त असतं तर मी नव्वदवर सही केली असती, असं तिने मनाला बजावलं. साफ खोटं. परक्याचं असतं तर तिने हमखास पातळ केलं असतं. पण प्रामाणिकपणाचं भूत मानगुटीवर बसलं होतं. तिने सही ठोकली आणि उरलेलं रक्त फ्रीजरमध्ये ठेवून दिलं.

ऑपरेशनमध्ये गाठीत रक्तस्राव झाला. भावाचे दोन्ही डोळे गेले.

तिसऱ्या आठवड्यात तिने ती नळी काढली आणि पातळ करून मोजली. अकरा हजार. ती तडक डॉक्टरीणबाईंकडे गेली आणि सगळं ओकून आली. उरलेल्या गाठीसाठी गोळ्या सुरू झाल्या. भावाला मात्र कारण सांगितलं नाही. जीभच रेटेना.

चार महिन्यांनी नवा रिपोर्ट घेऊन ती त्याच्या खोलीत गेली.

"किती आलं?"

"बारा. नॉर्मल आहे."

"गोळ्यांनी?"

"हो."

"मग आधीच गोळ्या का नाही दिल्या?"

आता पळवाट नव्हती. तिने सांगितलं. नव्वद, अकरा हजार, हातात घेऊन परत ठेवलेली नळी, सगळं. सांगताना ती रडली, आणि त्या रडण्याचीही तिला लाज वाटली.

त्याने हात पुढे केला. तिने तो धरायला आपला हात दिला, तेव्हा तो म्हणाला, "कागद दे."

तिने रिपोर्ट दिला. त्याने चाचपडत त्याची घडी घातली आणि खिशात ठेवला.

"हा दुसऱ्या कुणाकडून तरी वाचून घेतो," तो म्हणाला.