पाठमोरा

उत्तर फिनलंडच्या जंगलात ओइवा तेवीस वर्षं वनरक्षक होता. शिकारीत एल्क हरीण मारलं की गाव मटणाचे घरटी वाटे घालायचं. एकानं वाट्यांकडे पाठ करून उभं राहायचं. दुसरा एकेका वाट्याकडे बोट दाखवून विचारणार, "हा कुणाचा?" पाठमोरा ज्याचं नाव घेईल, त्याचा तो वाटा. पाठमोरा नेहमी ओइवाच, कारण त्याच्याइतका सरळ माणूस गावात दुसरा नव्हता.

त्या वसंतात मेव्हण्यानं, रेयोनं, कायदा मोडून पिल्लं असलेली अस्वलीण मारली. ओइवानं त्याला पोलिसांत दिलं.

"तेवीस वर्षांत माझाच भाऊ सापडला होय तुम्हाला?" बायको एवढंच बोलली, मग तिनं अबोलाच धरला. गावही तोंड फिरवून बसलं.

तरी शरदात वाटपाचं बोलावणं आलं. राग निवळला म्हणायचा, असं वाटून ओइवा गेला आणि पाठ करून उभा राहिला.

"हा कुणाचा?" मागून रेयोचा आवाज आला.

"हेल्वीचा."

"आणि हा?"

"पाद्रीबाबांचा."

अशी अकरा घरं झाली. स्वतःचं नाव ओइवा नेहमी शेवटी घ्यायचा. पण बाराव्यांदा प्रश्नच येईना.

"अरे, विचार की!"

"काय विचारू, दाजी?" रेयो म्हणाला. "वाटे संपले."