वैद्य सरांच्या फाईलची पहिली ओळ

वैद्य सरांना आज 'लेजंड' म्हणणाऱ्यांनो, आधी तोंड धुऊन या.

सर जाऊन आज वर्ष झालं. आमच्या मानपाड्याच्या ऑफिसचा ग्रुप सकाळपासून हात जोडतोय.

हेच लोक त्यांना पाठीमागे 'डबेवाला' म्हणायचे.

का? तर सर लिनक्सच्या मशीनवर थेट काही टाकायचे नाहीत. आत कंटेनर, म्हणजे एक बंद डबा, खोलीच म्हणा. कोड लिहायचा एडिटर, टूल्स, सगळा पसारा त्या खोलीत. खिडकी तेवढी आपल्या डेस्कटॉपवर.
ती खोली कशी उभी करायची, ते एका फाईलमध्ये लिहिलेलं.

"सर, एक एडिटर उघडायला एवढा लग्नाचा थाट?" आमचा मॅनेजर निखिल भर मीटिंगमध्ये म्हणालेला.

सगळे फिदीफिदी हसले. मीपण.

एकदा सरांची फाईल वापरताना माझी खिडकी काही केल्या उघडेना. वैतागून मी माझ्या स्क्रीनवर यायची परवानगी सरसकट सगळ्या प्रोग्राम्सना देऊन टाकली.

"अरे गाढवा, तुझ्या कोपरच्या घराचं दार सताड उघडं टाकून येतोस का?" सर ओरडले.

मग शेजारी बसून नीट शिकवलं. त्यांचा जेवणाचा डबा तसाच राहिला.

सर गेले आणि महिन्याभरात एका अपडेटने बाकी सगळ्यांची मशीन्स झोपवली. माझं काम चालू होतं, सरांच्या फाईलवर. मग काय, सगळे रांगेत! "भाई, मला पण दे ना."

निखिलने तर क्लायंटला प्रेझेंटेशन दिलं. 'आमचा नवा सेटअप' म्हणे. लाज नावाची चीज नाही.

त्या फाईलची पहिली ओळ एडिटर उघडला की समोर यायची:
'मांडणी: वैद्य. अडलं तर हाक मारा.'

"ती ओळ काढ रे," निखिल म्हणाला. "हाक मारून आता कोण येणारे?"

आणि हसला.

मी काढली. अप्रेझल जवळ आलेलं. थू माझ्यावर.

आज सकाळी ऑफिसला जाऊन पहिलं काम केलं. ओळ परत टाकली. सगळ्यांच्या मशीनवर पोचलीय. लेजंड लिहून झालं असेल तर एडिटर उघडा, वाचा.

निखिल, खुपत असेल तर स्वतः काढ. फाईल कुठे असते ते माहीत असेल तर.

सर, उशीर झाला, माफ करा.

अजून अडतं हो.

नमस्कार.