पावसाआधी काढलेल्या फळ्या

मी पत्रकांवर वाढले. बाबा चळवळीतले. आमच्याकडे पोहेसुद्धा उरलेल्या पत्रकांवर मिळायचे, आणि खाऊन झाले की तेलाच्या डागांतून मजकूर वाचायचा. व्हर्जिनियात शिकायला आले तेव्हा माझ्या बॅगेत लोणचं नव्हतं, पण जाहीर आवाहन कसं लिहायचं ते मला पाठ होतं.

मी राहते त्या हर्नडनहून गाडीने काही तासांवर दलदलीचं एक जंगल आहे. तिथली जमीन म्हणजे हजारो वर्षं पाण्याखाली नीट न कुजता साठलेला पालापाचोळा. ओली आहे तोवर ठीक, वाळली की तेच जळण. लाकूडवाल्यांनी पूर्वी चर खणून तिचं पाणी काढून टाकलं. मग एका उन्हाळ्यात वीज पडली आणि जमीन आतल्या आत कित्येक आठवडे धुमसत राहिली. आता तेच चर अडवून पाणी वर आणायचं आणि सीडारची रोपं लावायची, असं काम चालतं. जंगल सांभाळणाऱ्या बाईंच्या मागे लागून मी एक चर आमच्या मराठी मंडळाला सांभाळायला मिळवला. मंडळाने तोवर गणपती आणि दिवाळी सोडून काही सांभाळलं नव्हतं.

मी पत्रक काढलं. दोन पानं. त्यात भांडवलशाही होती, वसाहतवाद होता, आपल्या सुखवस्तू झोपेचा धिक्कार होता. चराच्या तोंडाशी लोखंडी चौकट आहे, तिच्यात आडव्या फळ्या सरकवून पाणी अडवलंय, ही माहिती मला फारच किरकोळ वाटली.

वीसेक माणसं आली. मला वाटलं, पत्रकामुळे. एका काकूंनी ग्रुपवर 'साबुदाणा वडे आहेत' असं टाकलं होतं, हे नंतर कळलं.

रोपं लावून झाली. वडे खाताना आभाळ भरून आलं. मी बाईंबरोबर फावडी गाडीत ठेवायला गेले. परत आले तर चरातलं कोऱ्या चहासारखं काळं पाणी धो धो वाहत होतं आणि फळ्या काठावर नीट रचून ठेवल्या होत्या. शेजारी एक काका हात पुसत उभे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन मुलाकडे राहायला आलेले. मदतीला दोन सॉफ्टवेअरवाले, आयुष्यात पहिल्यांदा चिखलात आणि भलतेच खूश.

"वेळेवर काढले गं बर्गे," काका म्हणाले. "पाऊस डोक्यावर आलाय. बंधारा वाहून गेला असता."

कोल्हापूरकडच्या बंधाऱ्यांवर बर्गे म्हणजे अशाच फळ्या. पावसाळ्याआधी त्या काढायच्या असतात. काकांनी उभी नोकरी त्या वेळेवर काढायला लावण्यात घालवली होती.

"काका, इथे पाणी अडवायचंच आहे."

"पावसाळ्यातसुद्धा?"

"बारा महिने."

"मग शेतकऱ्याला काय मिळतं?"

"इथे शेतकरी नाहीये, काका."

"मग पाणी कुणाला?"

"मातीला."

काकांनी काठावर रचलेल्या फळ्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, "हे तुझ्या पत्रकात कुठे होतं? मी दोन्ही पानं वाचलीत. चष्मा लावून."

बाई ओरडल्या नाहीत. चौकटीतल्या मोजपट्टीवरच्या लाल खुणेकडे बोट दाखवून एवढंच म्हणाल्या की तीन आठवड्यांत पाणी इथवर आलं नाही, तर त्या हा चर पलीकडच्या चरावर काम करणाऱ्या चर्चच्या लोकांना देतील. ते फळ्यांना हात लावत नाहीत.

काका कमरेभर पाण्यात उतरले आणि एकेक फळी परत बसवली. फटींत चिखल आणि शेवाळ कसं ठासायचं ते त्यांनी सॉफ्टवेअरवाल्यांना दाखवलं. त्यानंतरचे तीनही शनिवार आम्ही दोघं गेलो. जाताना मी क्रांतीबद्दल बोलायचे, काका गळतीबद्दल. काका वहीत पाण्याची पातळी लिहायचे. माझ्या आयुष्यातली ती पहिली चळवळ, जिच्यात दर खेपेला काय झालं याची नोंद होती.

तिसऱ्या शनिवारी पाणी रोपांच्या मुळांपर्यंत पोचलं होतं, पण लाल खुणेपर्यंत नाही. मी मनात भाषण जुळवत होते. त्यात हवामानबदल, स्थलांतरित, सगळे येणार होते. बाई येताना दिसल्या आणि मी तोंड उघडायच्या आत काकांनी त्यांना वही दिली.

"टू फिंगर्स लेस," काका म्हणाले. "माय मिस्टेक. नाऊ नो लीकेज."

बाईंनी वही चाळली. फळ्यांवरून हात फिरवला, खाली वाकून फटी बघितल्या. मग मला विचारलं, "हे पुढच्या शनिवारी येणार आहेत का?"

"येणार आहेत."

"मग चर तुमच्याकडेच राहू दे."

परतीच्या वाटेवर काकांनी पुढच्या खेपेचं माझं पत्रक मागून घेतलं आणि मांडीवर ठेवून पेनने खोडायला लागले. हर्नडन येईपर्यंत वसाहतवाद गेला होता. भांडवलशाही मी भांडून मागच्या पानावर राखली. सगळ्यात वर त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'चौकटीतल्या फळ्या कुणीही काढू नयेत. पाऊस आला तरी.' त्याखाली बारीक अक्षरांत: 'वडे आहेत.'