गिअरची वाकलेली पट्टी

आमच्या ह्यांच्या हृदयात स्टेंट बसवला, त्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं. तरी ते घराबाहेर पडले की माझं चित्त शिलाई मशीनवर लागायचं नाही. मी भूममध्ये घरीच ब्लाउज शिवते. हे जवळच्या एका गावात शाळेवर शिक्षक आहेत. दुखण्याआधी मोटारसायकलवर जायचे. नंतर डॉक्टर म्हणाले, रोज अंगाला थोडी हालचाल पाहिजे, चाला. पण ह्यांचे गुडघे धड नाहीत, चाललं की सुजतात. तेव्हा पुण्याच्या माझ्या धाकट्या भावानं त्याची गिअरची सायकल पाठवून दिली. त्याच्याकडं ती बाल्कनीत नुसती धूळ खात होती.

मला ती सायकल नको होती. शाळेच्या वाटेवर ओढ्याची मोरी आहे, तिच्या दोन्ही बाजूंना चांगलाच चढ आहे. हे त्या चढावर धापा टाकताहेत असं चित्र सारखं माझ्या डोळ्यांपुढं यायचं. भावानं फोनवर समजावलं, "ताई, गिअर कशासाठी असतात? चढ आला की हलका गिअर टाकायचा. पाय फिरतात, दम लागत नाही." डॉक्टरांनीही हरकत घेतली नाही. मग मी विरोध सोडला.

पण ह्यांच्यात फरक पडला, हे मला कबूल करावंच लागलं. दवाखान्यातून आल्यापासून हे कमी बोलायचे. कुणी भेटायला आलं की आपणच आपल्या तब्येतीची माफी मागितल्यासारखं करायचे. सायकल सुरू झाल्यावर घरी येऊन सांगायला लागले, अमक्याच्या शेतात करडई फुलली, तमक्याच्या बांधावर मोर होता. जेवण पुन्हा वाढून घ्यायला लागले. सायकलच्या मागच्या चाकातून कटकट आवाज यायचा, तर म्हणायचे, "गिअरच्या सायकलीचा आवाज असाच असतो."

एका संध्याकाळी हे वेळेवर आले नाहीत. फोन लावला तर संपर्क क्षेत्राच्या बाहेर. थोडं थांबले, पुन्हा लावला, तेच. हातातला ब्लाउज तसाच सुईखाली ठेवून मी स्कूटी काढली. रस्त्यानं जाताना दोन्ही बाजूंची ज्वारी मला दिसत नव्हती, फक्त रस्त्याची कड दिसत होती. कुठं पांढरं काही दिसलं की मी स्कूटी हळू करायचे. ह्यांचा शर्ट पांढरा होता.

चढाच्या पायथ्याशी, मोरीच्या कठड्यावर हे बसलेले दिसले. मांडीवर हात पालथे ठेवलेले, आणि दोन्ही हात कोपरापर्यंत काळे. मी स्कूटी उभी केली आणि त्यांच्याकडं धावले.

"अगं, मला काही झालं न्हाय," तेच आधी म्हणाले. "सायकलला झालंय. चेन चाकात गेली."

मी त्यांच्या शेजारी बसले आणि रडले. हे काळे हात लांब धरून नुसते "बरं, बरं" म्हणत राहिले.

झालं होतं असं, की चढावर त्यांनी सगळ्यात हलका गिअर टाकला आणि चेन मागच्या चाकाच्या सगळ्यात मोठ्या दातेरी चक्रावरून पलीकडं उडून चक्र आणि चाकाच्या तारांच्या मधे जाऊन रुतली. चाक जागच्या जागी थांबलं. नशीब, वेग नव्हता म्हणून पडले नाहीत. ओढून ओढून हात काळे झाले, पण चेन निघाली नाही. मागचं चाक मी उचलून धरलं, सायकल तशीच जवळच्या एका वस्तीवर नेऊन ठेवली आणि आम्ही स्कूटीवरून घरी आलो. दुसऱ्या दिवशी दुधाच्या टेम्पोतून सायकल घरी आली.

"विकून टाक तिला," हे म्हणाले. "मी एसटीनं जात जाईन." आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिले.

खरं तर मला आनंद व्हायला पाहिजे होता. मीच म्हणत होते ना, सायकल नको. पण ते भिंतीकडं तोंड केलेलं मला बघवेना. दवाखान्यातून आल्यावर हे असेच पडायचे.

मी सायकल रिक्षात टाकून बाजारातल्या सायकल दुकानात गेले. दुकानदार मामांनी चेन ओढून काढून दिली, पण गिअरला हात लावला नाही. "ताई, आपल्याकडं साध्या सायकली येतात. हे गिअरचं मला जमत न्हाय. बार्शीला कुणी असंल तर बघा." एवढं मोकळेपणानं सांगितलं, आणि डबीत थोडं ग्रीस घालून दिलं.

बार्शीला सायकल न्यायची कशी? मी भावाला फोन केला. "तूच सांग कसं करायचं."

"तू करणार?"

"शिलाई मशीन मीच उघडते की. दोऱ्याचा ताण, सुईचा टाका, सगळं मीच बसवते. सांग तू."

मग अंगणातल्या पत्र्याच्या शेडच्या अँगलला सुती दोर बांधून मी सायकल लटकवली, म्हणजे मागचं चाक मोकळं फिरेल. चेन आणि चक्रं चिंधीनं पुसून काढली. भावानं व्हिडिओ कॉलवर दाखवलं: चेनला या चक्रावरून त्या चक्रावर ढकलणारा एक लोंबता हात असतो, त्याला डिरेलर म्हणतात. त्याच्यावर दोन बारीक स्क्रू. एक त्याला आत किती जाऊ द्यायचं ते ठरवतो, दुसरा बाहेर किती. आणि हँडलवरून येणाऱ्या गिअरच्या वायरीच्या टोकाला एक गोल पेच, तो वायरीचा ताण कमी-जास्त करतो.

कळलं सगळं. जमलं काहीच नाही. आतला स्क्रू आवळला की चेन मोठ्या चक्रावर चढायचीच नाही. जरा ढिला केला की तारांकडं पळायची. मधल्या गिअरमध्ये कटकट व्हायची ती व्हायचीच. वायर ताणली तर एका बाजूचं बरं व्हायचं आणि दुसऱ्या बाजूचं बिघडायचं. एकदा तर चेन बाहेरच्या बाजूनं निसटून खाली पडली. हे उंबऱ्यात बसून बघत होते. म्हणाले, "कशाला त्रास करून घेतीस?" मी स्क्रू फिरवतच राहिले. मला वाटायला लागलं होतं, होती ती सायकलही आपण घालवली.

त्या संध्याकाळी भावाचा पुन्हा फोन. "ताई, सायकलच्या बरोबर मागं उभी राहा आणि फोटो पाठव."

फोटो गेला आणि त्याचा लगेच कॉल आला. "अगं, स्क्रूची चूकच न्हाय. डिरेलर ज्या पट्टीवर लटकतो ना, ती आत वाकलीय. बघ, चाक सरळ आणि तो हात तिरपा. ट्रॅव्हल्सच्या डिकीत आडवी टाकली होती सायकल, तेव्हाच वाकली असणार."

मी मागं बसून एक डोळा मिटून बघितलं. खरंच तिरपा होता. एवढा वेळ माझ्या समोर होता आणि मला दिसला नव्हता.

"मग सरळ करू?"

"कर, पण एकदम न्हाय. ती पट्टी मऊ धातूची असते. जोरात वाकवलीस तर तुटंल. तुटली तर नवी मागवावी लागंल, आणि तिच्या मापाची लवकर सापडायची न्हाय."

मी डिरेलर खोलून बाजूला घेतला. शेजाऱ्यांकडून मोठा पाना आणला, पट्टी त्यात धरली. हे उठून आले आणि न सांगता चाक दोन्ही हातांनी घट्ट धरून उभे राहिले. मी पाना हळूच बाहेर ओढला. थांबले. मागून बघितलं. अजून थोडा. एकदा बारीक कर्र असा आवाज आला आणि आम्ही दोघंही श्वास रोखून थांबलो. पट्टीवरून बोट फिरवलं. चीर नव्हती.

"सरळ दिसतीय आता," हे म्हणाले.

"व्हय, दिसतीय."

डिरेलर पुन्हा बसवला. मोठ्या चक्रावर चेन ठेवून आतला स्क्रू तिथंच आवळला, म्हणजे त्याच्या पलीकडं जायला वाटच नाही. बाहेरचा स्क्रू लहान चक्राशी जुळवला. मग ह्यांनी पॅडल हातानं फिरवायला घेतलं आणि मी गिअर बदलत वायरीचा गोल पेच जरा जरा फिरवत गेले. कटकट कमी कमी होत गेली. एका जागी ती बंदच झाली. चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर गेली ती फक्त एक टिक् करून. पुन्हा टाकून बघितलं, वर, खाली, वर. टिक्. मी खालीच बसले. हे हसायला लागले. दुखण्यानंतर असं मोठ्यानं हसताना मी ह्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

पण ह्यांना मी लगेच जाऊ दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पंजाबी ड्रेस घालून मीच सायकल काढली. शाळेत असताना चालवलेली, त्यानंतर आत्ताच. गल्लीत थोडी डगमगले, बायका बघायला लागल्या. मग रस्त्याला लागले ती थेट त्या चढापर्यंत. मोरीच्या अलीकडं हलका गिअर टाकला आणि कान मागं लावले. चेन मोठ्या चक्रावर चढली आणि तिथंच राहिली. पाय भरभर फिरत होते, सायकल हळू जात होती, पण जात होती. वर पोचले तेव्हा घाम आला होता, छाती मात्र धडधडत नव्हती. भाऊ खरं बोलत होता. चढाच्या माथ्यावर उभी राहून मी ह्यांना फोन केला, "या वाटेला आता तुम्ही खुशाल जावा."

सोमवारी हे सायकलवर शाळेला गेले. पोचल्यावर फोन करा म्हटलं होतं, केला. "चढ कधी संपला कळलं न्हाय," म्हणाले.

पुढं गिअरचं छोटंमोठं काम हेच शिकले. वायर वापरून वापरून थोडी ढिली पडते, मग रविवारी अंगणात बसून गोल पेच फिरवत बसतात. कधी जास्त फिरवतात आणि मला हाक मारतात. मी मशीनवरून उठत नाही, बसल्या जागेवरून सांगते, "परत अर्धा फेरा मागं घ्या." संध्याकाळी त्यांना यायला थोडा उशीर झाला तरी मी हातातला ब्लाउज पुरा करते. गुंड्या लावते, इस्त्री करते, आणि मग चहाचं आधण ठेवते.